शंकरपटातला बैल कोणाचा?

धान कापून झाले, मळणी उरकली, की झाडीपट्टीत शंकरपटाचा हंगाम उघडतो. सावली, मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोली, आरमोरी, वडसा. दिवाळीनंतर गावोगाव फलक लागतात: 'भव्य इनामी शंकरपट', आणि त्याखाली रात्रीच्या नाटकाचे नाव. दिवसा पट, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, सोयरिकीही इथेच जुळतात. आमच्या वस्तीतली मुले पटावर जातात, आम्हीही जातो. नाटकाच्या मंचावर तर आपली कितीतरी माणसे पोट भरतात. तेव्हा 'पट वाईट, पाहू नका' असे सांगायला आम्ही बसलेलो नाही.

आम्हाला बोलायचे आहे ते पटाच्या उद्घाटनाला हमखास ऐकू येणाऱ्या एका वाक्याबद्दल. 'कोर्टाने बंदी उठवली आणि आपली संस्कृती वाचली.' यातले 'आपली' म्हणजे नेमके कोणाचे?

शर्यतीचा बैल म्हणजे नांगराचा बैल नव्हे. त्याला वेगळा खुराक, वेगळी निगा, वेगळा गडी. वर्षातले काही दिवस दाणीवर काही सेकंद धावण्यासाठी वर्षभर पोसायचा. ज्याच्याकडे जमीन, कडबा आणि रोकड आहे त्यालाच हे झेपते. जुन्या चांदा जिल्ह्यात १९५१ पर्यंत मालगुजारी होती. गावची जमीन, तलाव, रान यांवर मालगुजाराचा शब्द चाले. मालगुजारी कायद्याने गेली, तलावांना मात्र आजही आपण 'मामा तलाव' म्हणजे माजी मालगुजारी तलावच म्हणतो. जमिनीचे वाटपही फारसे हलले नाही. पोळ्याच्या तोरणाखाली मानाची जोडी कोणाची आणि तिच्या मागे कोण, हा क्रम गावात सगळ्यांना पाठ असतो. बैलावरून माणसाची पायरी सांगणारा समाज आहे हा. पटाच्या फलकावर जोडीला मालकाचे नाव असते. वर्षभर तिचे शेण काढणाऱ्या गड्याचे नाव आम्ही तरी वाचलेले नाही.

आता त्याच बैलाची दुसरी बाजू पाहू. तो मेला की कोणाचा? याचे उत्तर शेकडो वर्षे ठरलेले होते. जिवंत असेपर्यंत धन्याचा, मेला की महाराचा, मांगाचा, चांभाराचा. ओढून न्यायचा, सोलायचा, आणि पोटाला दुसरे नाही म्हणून तेच मांस खायचे. मग त्यासाठीच अस्पृश्य ठरायचे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा असे सांगितले. चवदार तळे आपल्याला आठवते, पण त्याच परिषदेतली ही गोष्ट आपण पटकन ओलांडून जातो. वास्तविक दोन्ही एकच होत्या. पाणी घ्यायचा हक्क घ्यायचा आणि मेलेले ढोर ओढायचे काम टाकायचे. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. त्यानंतर या भागातल्या कितीतरी गावांत आपल्या लोकांनी हे काम कायमचे बंद केले. बैलाशी असलेले आपले नाते हे असे आहे. एका संस्कृतीतून बाहेर पडण्याचे ते नाते आहे.

कायद्याचा इतिहास यानंतर वाचला की गंमत कळते. ११ जुलै २०११ ला केंद्र सरकारने खेळ-प्रदर्शनासाठी बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यती दोन्हींवर बंदी घातली. २०१७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. त्यावर उच्च न्यायालयाने अडसर घातला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. शर्यत हा संस्कृतीचा भाग आहे हे विधिमंडळाने ठरवले असेल तर न्यायालय त्याजागी आपले मत लादणार नाही, असा त्या निकालाचा आशय.

म्हणजे संस्कृती कोणती, हे ठरवणार विधिमंडळ. आणि तिथे या एका प्रश्नावर सत्ताधारी-विरोधक असा भेद उरला नाही. शर्यतवाल्या समाजाची मते सगळ्यांनाच हवी होती.

आता याच्या मधले एक वर्ष घ्या, २०१५. राज्यात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्यानेच होती. बैल मात्र दाखला घेऊन कापता येत असे. १९९५ साली युती सरकारने बैल आणि वळूही त्या बंदीत आणणारे विधेयक मंजूर केले. ते वीस वर्षे पडून होते. २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि कायदा लागू झाला. ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने राज्याबाहेरून आणलेले गोमांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले, कत्तलबंदी मात्र कायम ठेवली. खाटीक, कुरेशी, चामड्याचे कारागीर यांचा धंदा बसला. त्यांची परंपरा किती पिढ्यांची, हे कोणी विचारले नाही. त्यांच्यासाठी विशेष दुरुस्ती आली नाही.

बैल तोच आहे. कापू नका, कारण तो पवित्र. पळवा, कारण ती परंपरा. दोन्ही वेळा ठरवणारा एकच आणि किंमत मोजणारेही तेच. ११ जुलै २०१६ ला गुजरातमधल्या उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना उघडे करून मारले. त्यांनी तर जातीने लादलेलेच काम केले होते! त्यानंतर गुजरातच्या दलितांनी मेलेली जनावरे सरकारी कचेरीसमोर आणून टाकली आणि ती उचलायला नकार दिला. महाडनंतर ८९ वर्षांनी.

शर्यत आणि समाजाची उतरंड यांची सांगड फक्त आपल्याकडे आहे असे नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डेटोनाला दर फेब्रुवारीत मोटारशर्यतींचा हंगाम उघडतो. अडीच मैलांचा, उंच उताराच्या वळणांचा ट्रॅक, २०० फेऱ्या, ५०० मैल. पहिली डेटोना ५०० शर्यत १९५९ ची. १९८२ पासून हंगामाची सुरुवात तिनेच होते. ट्रॅक व्हायच्या आधी गाड्या तिथल्या समुद्रकाठच्या वाळूवर धावत. त्याच किनाऱ्यावर काळ्या माणसांना मज्जाव होता. डेटोनातच १९०४ साली काळ्या मुलींसाठी शाळा काढणाऱ्या मेरी मॅक्लिओड बेथ्यून यांनी १९४० च्या दशकात इतरांच्या साथीने दूरवर वेगळा किनारा विकत घेतला, तेव्हा आपल्या लोकांना समुद्रात उतरता आले.

वेंडेल स्कॉट हा या शर्यतींतला काळा चालक. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा, युद्धात फौजेत मेकॅनिक होता. गाडी स्वतःच दुरुस्त करी, मदतीला त्याचीच मुले. १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिलमध्ये तो शर्यत जिंकला, तरी विजयाचा मान बक बेकर या गोऱ्या चालकाला दिला. लोक घरी गेल्यावर निकाल दुरुस्त झाला, ट्रॉफी मात्र मिळाली नाही. स्कॉट १९९० मध्ये वारला. ट्रॉफी त्याच्या कुटुंबाच्या हाती आयोजक संस्थेने दिली ती ऑगस्ट २०२१ मध्ये, डेटोनाच्याच ट्रॅकवर.

आपल्या तरुणांना स्कॉटची गोष्ट आवडते, आवडावीच. पण एक फरक ध्यानात घ्या. स्कॉटचे भांडण निकालाशी होते, कारण गाडी त्याची स्वतःची होती. आपल्याकडे पटाच्या दाणीवर उतरायलाच जोडी लागते आणि जोडीच्या मागे बांधी लागते. कसेल त्याची जमीन हा प्रश्न आधी येतो. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, १९६४-६५ मध्ये देशभर लाखो लोक तुरुंगात गेले, ते यासाठीच. त्यांच्या आठवणीसाठी कोणत्याही पटावर मिनिटभर थांबत नाहीत.

आसोलामेंढा तलावाच्या पाण्यावर तीन एकर धान करणारा सावली तालुक्यातला शेतकरी, मग तो कुणबी असो, तेली असो की आपला बौद्ध, आज म्हातारा बैल विकायला निघाला तर वाटेत त्याची गाडी अडवली जाईल ही धास्ती त्याला आहे. घेणारा उरला नाही, भाव मिळत नाही, नवी जोडी घ्यायला पैसा नाही. म्हणून तो भाड्याचा ट्रॅक्टर लावतो. त्याच गावात पटाची जोडी लाखांत विकली जाते. कोर्टाने आणि विधिमंडळाने जी वाचवली, ती दुसऱ्या बैलाची संस्कृती. पहिला बैल खुंट्याला बांधलेला आहे, आणि तो मेला की उचलायला निरोप कोणाच्या वस्तीत पाठवायचा हे काही गावांत अजून लोक विसरलेले नाहीत.