एका वहीची हकीकत

मुलांच्या वह्या तपासण्यांत माझा जन्म गेला; तेव्हां आज एका वहीचीच हकीकत सांगतों.

१९५७ च्या नोव्हेंबरांत न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील गॉर्डन गूल्ड या संशोधक विद्यार्थ्यानें, एकाच रंगाची व न पसरतां सरळ जाणारी प्रखर प्रकाशशलाका कशी निर्माण करावी, याचें टिपण आपल्या वहींत केलें. ‘लेसर’ हें नांवही तेथेंच लिहिलें. पानांवर एका मिठाईच्या दुकानदाराची साक्ष घेतली. तो गृहस्थ नोटरी होता. येथवर सर्व यथास्थित. परंतु पेटंटासाठीं प्रत्यक्ष यंत्र तयार हवें, अशी त्याची चुकीची समजूत झाली आणि अर्ज १९५९ च्या एप्रिलपर्यंत लांबला. उत्तरपत्रिका उत्तम लिहून तीवर क्रमांक घालावयाचा विसरणारे विद्यार्थी मीं पाहिले आहेत! शॉलो व टाउन्स यांचा अर्ज १९५८ च्या जुलैंतच गेला होता. १९६० च्या मार्चांत पेटंट त्यांच्या पदरीं पडलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत मेमननें माणकाच्या कांडींतून पहिली शलाका काढून दाखविली.

गूल्डनें मात्र कज्जा सोडला नाहीं. १९७७ मध्यें त्याला पहिलें लेसर-पेटंट मिळालें, १९८७ मध्यें आणखी एक. विलंब त्याच्या पथ्यावरच पडला. कारण तेव्हां अमेरिकेंत पेटंटाचीं १७ वर्षें तें मिळाल्यापासून मोजीत. मधल्या काळांत नेत्रवैद्य लेसरनें डोळ्यांतील पडदा सांधूं लागले होते, टेलिफोनचें बोलणें कांचतंतूंतून प्रकाशावाटे धांवूं लागलें होतें. मूळ अर्जाच्या वेळीं ज्याला गिऱ्हाईक नव्हतें, त्याची आतां मोठी बाजारपेठ होती. मात्र आलेल्या द्रव्याचा मोठा वांटा खटल्याचा खर्च उचलणाऱ्यांकडेच गेला.