आड आटला, परस सुकले

अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्याचा बराचसा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. तरीही जुन्या घरांमागच्या परसात शेवगा, अळू, कर्दळ असे. त्यांना वेगळे पाणी लागत नसे. मोरीचे सांडपाणी पुरे. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर येत, अळूच्या ओलीत बेडूक राहत.

या साऱ्याचे मूळ आडात होते. दख्खनच्या बेसाल्ट खडकात पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि भेगांत साठते. हा साठा लहान असतो. तो दरवर्षी पावसाने भरावा लागतो. 1972 च्या दुष्काळात तो भरला नाही. आड आटले, मोऱ्या कोरड्या पडल्या. माणसांसाठी दुष्काळी कामे निघाली. शेवग्याला आणि शिंजिराला कोण विचारणार?

पुढे गावोगावी बोअर आले. खोलवरचे पाणी शेतीसाठी उपसले जाऊ लागले. भेगांमधून वरचे पाणीही खाली ओढले गेले. त्यामुळे बऱ्या पावसाच्या वर्षीही आड लवकर आटू लागले.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने 1989 नंतर वेगळी वाट धरली. पाणी अडवले, चराईला बंदी घातली, शेतीसाठी बोअर नाही असे ठरवले आणि पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडला. विहिरींना पुन्हा पाणी आले.

म्हणजे दुष्काळ केवळ पावसावर ठरत नाही. मुलांना घरी विचारायला सांगा : आपला आड कोणत्या साली आटला? त्यानंतर परसातले कोणते झाड, कोणता पक्षी दिसेनासा झाला? उत्तरे सालवार फळ्यावर मांडा. गावाच्या भूजलाचा इतिहास तयार होईल.