लुगडं नेसलं म्हणून गुन्हेगार



बाजाराच्या दिवशी टाळी वाजवत येणारे तृतीयपंथी आपण सगळ्यांनी पाहिलेत. दुकानदार दहाची नोट काढतो आणि आपण पदर सावरून बाजूला होतो. मुलगी म्हणून वाढवलेला पण मनाने पुरुष असलेला एखादा आपल्याच आळीत असतो; तो तर आपल्याला ओळखूही येत नाही.

हल्ली बातम्यांत 'एलजीबीटीक्यू' असा शब्द ऐकू येतो. त्यात बाईवर प्रेम करणारी बाई, पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, दोघांचीही ओढ असणारे आणि तृतीयपंथी असे सगळे एकत्र धरतात. पण बघा हं, पहिल्या तिघांचा प्रश्न आहे, 'माझा जीव कोणावर जडतो?' आणि तृतीयपंथीयांचा प्रश्न आहे, 'मी कोण?' प्रश्न वेगळे, मग एका मांडवाखाली आले कसे?

इंग्रजांनी १८६० मध्ये भारतीय दंड संहिता केली. तिच्या ३७७ व्या कलमाने 'निसर्गाच्या विरुद्ध' संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. कागदावर हे कलम कृतीबद्दल होतं. पण चार भिंतींआडचं पोलिसांना दिसणार कसं? दिसायचे ते कपडे.

पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. आपल्याकडचे भटके-विमुक्त बांधव ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात, तो याच कायद्याच्या जाचातून सुटल्याची आठवण म्हणून. त्याच कायद्याचा दुसरा भाग उत्तर हिंदुस्थानातल्या हिजडा समाजावर होता. संशय आला की सरकारी वहीत नाव चढायचं. नाव चढलेल्याने बायकी कपडे घालून चारचौघांत नाच-गाणं केलं, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. मूल दत्तक घ्यायची बंदी, मृत्युपत्र करायचीही बंदी.

अशात मुरादाबादकडची खैराती पोलिसांच्या हाती लागली. बायकांचे कपडे घालून, एका घरच्या बायकांमध्ये ती गात होती. तिला पकडून ३७७ खाली शिक्षा ठोठावली. गुन्हा कुठे झाला, कधी झाला, कोणाबरोबर झाला, काहीच सांगता येईना. शेवटी १८८४ मध्ये अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने तिला सोडलं.

मैत्रिणींनो, समलिंगी माणूस चारचौघांसारखा राहून, लग्न करून लपू शकत होता. तसं जगणंही सोपं नव्हतंच. पण खैरातीसारख्यांना लपायला जागाच नव्हती. कलमाचा धाक सगळ्यांना होता, वळ मात्र यांच्या पाठीवर उठले. त्या एका कलमाने सगळ्यांना एका मांडवाखाली आणलं.

आता अलीकडचं बघू. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, की दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना ३७७ लावू नका. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आणि चारच महिन्यांनी, १५ एप्रिल २०१४ ला, त्याच सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना मान्यता दिली. मी स्त्री, पुरुष की तृतीयपंथी, हे ज्याचं त्याने सांगावं. त्यासाठी ऑपरेशनची अट नको. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी या खटल्यात उभ्या होत्या. पण ३७७ तसंच राहिलं. 'मी कोण' हे सांगायचा हक्क मिळाला, जीव लावणं मात्र गुन्हाच राहिलं.

६ सप्टेंबर २०१८ ला तेही बंधन सुटलं. न्यायालयात गेलेल्यांत कर्नाटकच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या अक्कई पद्मशाली होत्या, आणि निकाल देताना न्यायाधीशांनी २०१४ च्या निकालाचा मोठा आधार घेतला. म्हणजे ज्यांच्या पाठीवर वळ उठले, त्यांच्याच खटल्याने सगळ्यांसाठी दार उघडायला हात दिला.

तरीही 'मोर्चात आम्ही पुढे, निर्णयाच्या बैठकीत मागे' अशी तक्रार तृतीयपंथी कार्यकर्ते करत आले आहेत. आपल्याला हे नवीन नाही. ग्रामसभेला गर्दी आपली आणि शब्द चालतो दुसऱ्याचा!

आणि कायद्यातही रांगा आहेतच. बाईवर बलात्कार झाला तर निदान दहा वर्षांची शिक्षा. २०१९ च्या तृतीयपंथीयांसाठीच्या कायद्यात मात्र त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त दोन वर्षं ठेवली. दुखणारं शरीर तर सारखंच ना?

पुन्हा एकदा खैरातीकडे येऊ. ज्या बायकांमध्ये बसून ती गात होती, त्यांचे विचार कोणी लिहून ठेवले नाहीत. पण एवढं कळतं, की त्यांनी तिला आपल्यात बसू दिलं होतं, गाऊ दिलं होतं. दीडशे वर्षांपूर्वी त्यांना जे जमलं, ते आपल्या गटाला, आपल्या हळदीकुंकवाला जमेल का? पुढच्या बैठकीत नक्की बोला.