दहा सह्यांचं सरकार

आई १९८६ साली पहिल्यांदा आमच्याकडे आली, तेव्हा तिने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "इथली नगरपालिका बरी आहे का रे?" म्हटलं, "पालिकाच नाही." "मग ग्रामपंचायत?" "तीही नाही." "अगं बाई! मग कचरा कोण नेतं?" या आठवड्यात माझीच पाळी होती.

टोरांटोकर मंडळींना हे खरं वाटत नाही. ऑन्टॅरिओचा उत्तर भाग म्हणजे प्रांताची जवळजवळ ९० टक्के जमीन. तिच्या फार मोठ्या भागात नगरपालिका नाही. सरकारी भाषेत हा 'अनऑर्गनाइझ्ड', म्हणजे अव्यवस्थित प्रदेश. (आमच्या घरात हा शब्द माझ्या टेबलाला वापरतात.) खरं तर १८५० चे रॉबिन्सन करार किंवा १९०५ चा नववा करार होण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या मूळ रहिवाशांची स्वतःची व्यवस्था होतीच. अव्यवस्थित ठरवलं ते नंतर आलेल्यांनी.

सडबरीच्या उत्तरेला आमच्यासारख्या वस्त्या रेल्वेमुळे, लाकडाच्या गिरण्यांमुळे उभ्या राहिल्या. पुष्कळ ठिकाणी पाणी, दिवे सगळं कंपनी बघायची. कंपनी गेली की नळाचा वाली कोण? रस्त्यांची सोय जुनी होती. अप्पर कॅनडात १७९३ च्या कायद्याने प्रत्येकाला वर्षातले काही दिवस स्वतःची हत्यारं घेऊन रस्त्यावर राबावं लागे. मला ही आपली वेठच वाटते, फक्त ती स्वतःच्याच रस्त्यासाठी. पुढे रस्त्यांची मंडळं आली. पण आग विझवायला कोणी नव्हतं.

१९७७ साली प्रांताने उत्तरेसाठी वेगळं खातं काढलं. त्याचे पहिले मंत्री लिओ बर्निएर, लोक त्यांना 'उत्तरेचा सम्राट' म्हणत. १९७९ मध्ये लोकल सर्व्हिसेस बोर्डांचा कायदा झाला. वस्तीतल्या दहा प्रौढांनी सभा बोलवायची, हद्द आणि कामं ठरवायची आणि मंत्र्यांकडे मागणी करायची. पाणी, सांडपाणी, कचरा, दिवे, अग्निशमन, करमणूक यांतलं हवं तेवढंच घ्यायचं. घरं कुठे बांधावीत हे ठरवायचा अधिकार बोर्डाला नाही. कर प्रांताच्या जमीनपट्टीबरोबर वसूल होतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या दारात उभं राहावं लागत नाही. आमच्या लहानपणी गावात घरपट्टीसाठी ज्यांना दारोदार हिंडावं लागे, त्यांना ही सोय फार आवडली असती!

मी शाळेत विज्ञान शिकवायचो, अक्षर बरं म्हणून बोर्डाचा सेक्रेटरी झालो आणि नऊ वर्षं राहिलो. नोटीस टाइप करून पोस्टात चिकटवायची, अंदाजपत्रक मंत्रालयाला पाठवायचं, सभेत कॉफी ठेवायची. आणि बोलणी खायची.

१९९४ ची सभा मी विसरलेलो नाही. बंब जुना झाला होता, त्यासाठी कर वाढवायचा होता. मागच्या रांगेतून एक म्हातारी विधवा उठून म्हणाली, "माझं पेन्शन वाढणार आहे का?" मी आकडे सांगितले, आग लागली तर काय होईल ते सांगितलं. ठराव पास झाला. ती मला पुढची दोन वर्षं दुकानात ओळख देत नव्हती. तिसऱ्या वर्षी जानेवारीत तिच्या धुराड्याला आग लागली. बंब पोचला, घर वाचलं. सकाळी ती मला एवढंच म्हणाली, "तरीही तो कर जास्तच होता." मला वाटतं, तिचं चुकत नव्हतं.

मार्च २०१५ मध्ये गोगामाजवळ तेलाची रेल्वेगाडी घसरून पेटली, तेव्हा टीव्हीवर गावाचं नाव ऐकून मी दचकलो. तिथेही नगरपालिका नाही, बोर्डच आहे.

आता आमच्या बंबावर जाणारे पाचजण साठीच्या पुढचे आहेत. तरुण पोरं टिमिन्सला, सडबरीला गेली. माझा मुलगा मिसिसागात असतो. मागे फोनवर म्हणाला, "बाबा, आमच्याकडे कचरा मंगळवारी नेतात. कोण नेतं, माहीत नाही."