पथ्य आणि औषध : पुणें प्रांतींचा एक जुना वाद

आपल्या चिखलीच्या मंडळींत आजहि दोन पक्ष आढळतात. एकाच्या मतें भाकरी, ताक व पालेभाजी यांतच सारें औषध आहे. दुसरा शिंक आली कीं दवाखान्याची वाट धरतो. हा वाद विसाव्या शतकाच्या आरंभीं फार रंगला होता, आणि त्याचीं कित्येक प्रकरणें आपल्याच पुणें जिल्ह्यांत घडलीं.

त्या काळीं जर्मनीच्या लुई कुन्हे यांच्या कटिस्नानाचा व आडोल्फ युस्ट यांच्या मातीच्या पट्टीचा बोलबाला होता. त्यांच्याहि आधीं बव्हेरियांतील आमचे धर्मबंधु फादर सेबास्टियन क्नाइप (१८२१–१८९७) हे थंड पाणी व साधें अन्न यांनीं रोग्यांवर उपचार करीत. शास्त्रज्ञांनींहि आहारवाद्यांचें म्हणणें अंशतः खरें ठरविलें. गिरणींत पांढरा केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात, हें आइकमन यांनीं जावा बेटांत पाहिलें. पुढें १९१२ सालीं फुंक यांनीं ‘व्हिटॅमिन’ हें नांव योजिलें.

महात्मा गांधी या निसर्गोपचाराचे मोठे अभिमानी होते. १९०९ सालच्या ‘हिंद स्वराज्या’त त्यांनीं डॉक्टर व इस्पितळें यांवर कठोर टीका केली. तथापि जानेवारी १९२४ मध्यें येरवड्याच्या तुरुंगांतून त्यांस ससून इस्पितळांत आणावें लागलें, व कर्नल मॅडॉक यांनीं त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. (मध्येंच विजेचे दिवे गेले, तेव्हां कंदिलाच्या उजेडांत काम पुरें झालें!) १९४२ सालीं आगाखान महालांत बंदिवान असतां त्यांनीं आरोग्यावरील आपले विचार पुन्हां लिहून काढले.

त्याच महालांत खरी कसोटी आली. फेब्रुवारी १९४४ मध्यें कस्तुरबा मरणोन्मुख झाल्या. चिरंजीव देवदास यांनीं कलकत्त्याहून विमानानें पेनिसिलिन आणविलें. दर कांहीं तासांनीं सुई टोंचावी लागेल हें कळतांच गांधीजींनीं मुलाची समजूत घातली, आणि औषध दिलें गेलें नाहीं. २२ फेब्रुवारीस बा निवर्तल्या. त्यांचें हृदय इतकें थकलें होतें कीं औषधानें त्या वांचत्या असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं, म्हणून आम्ही कोणास दोष लावीत नाहीं. परंतु कांहीं आठवड्यांनीं गांधीजींस हिंवताप आला, तेव्हां आरंभीं नाकारलेलें क्विनीन त्यांनीं अखेर घेतलें, हेंहि नमूद केलें पाहिजे.

त्यांची श्रद्धा मात्र ढळली नाहीं. मार्च १९४६ मध्यें त्यांनीं उरुळी कांचन येथें खेडुतांसाठीं निसर्गोपचार आश्रम सुरू केला. फळें, माती, पाणी व ऊन हींच तेथील औषधें.

इकडे चिखलीपासून कांहीं मैलांवर, पिंपरीस, भारत सरकारनें १९५४ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापिला. जें औषध कलकत्त्याहून विमानानें येऊनहि कुपींतच राहिलें, तेंच पेनिसिलिन १९५५ पासून तेथें तयार होऊं लागलें.