टपाली मतदान : मतदाराची ओळख-पडताळणी (भारत)

मतदान केंद्रावर न येता लिफाफ्यातून मत देणारी व्यक्ती मतदार यादीतील तीच व्यक्ती आहे, याची खात्री करून घेण्याची कायदेशीर पद्धत. तिचा आधार लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम ६० आणि निवडणूक संचालन नियम, १९६१ हा आहे. केंद्रावर मतदान अधिकारी ओळखपत्र पाहतो, उमेदवारांचे प्रतिनिधी हरकत घेऊ शकतात आणि बोटाला शाई लागते. टपाली मतदानात मूळ पद्धतीनुसार यांपैकी काहीच नसते. त्यांची जागा साक्षांकनाने भरून काढलेली आहे. मतदाराची सही पूर्वीच्या नमुना-सहीशी ताडून पाहिली जात नाही; ती आपल्यासमोर झाली व सही करणारा ओळखीचा आहे किंवा त्याची ओळख पटवून घेतली आहे, असे एखाद्या अधिकाऱ्याने लिहून द्यावे लागते. ओळखीचा पुरावा मतदाराच्या हस्ताक्षरात नसून साक्षांकन करणाऱ्याच्या पदात आहे, हे या पद्धतीचे मुख्य वैशिष्ट्य होय.

पात्र मतदार : (१) सेनादलांतील व्यक्ती, राज्याबाहेर नेमणुकीवर असलेले राज्य सशस्त्र पोलीस, परदेशी नेमणुकीवरील केंद्र सरकारचे कर्मचारी आणि त्यांच्यासोबत राहणारा जोडीदार (‘पत्नी’ऐवजी ‘जोडीदार’ ही दुरुस्ती २०२१ च्या कायद्याने झाली), (२) राष्ट्रपती, राज्यपाल इत्यादी घोषित पदांवरील व्यक्ती, (३) निवडणुकीच्या कामावरील कर्मचारी, (४) प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतील व्यक्ती, (५) अनुपस्थित मतदार, म्हणजे ठरावीक वयापुढील ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग व अत्यावश्यक सेवेतील कर्मचारी. कच्चे कैदी व शिक्षा भोगणारे कैदी यांना कलम ६२(५) नुसार मतदान करता येत नाही. स्थानबद्धांना ते टपालाने करता येते.

पहिल्या गटाची पडताळणी मतदानाच्या बरीच आधी, नाव नोंदवतानाच होते. सैनिकाच्या अर्जावर त्याच्या दलाच्या अभिलेख कार्यालयाची किंवा वरिष्ठांची खातरजमा लागते आणि ही नावे यादीच्या शेवटच्या भागात स्वतंत्रपणे छापली जातात.

नमुने व लिफाफे : मतदाराला मतपत्रिकेसोबत चार गोष्टी मिळतात : घोषणापत्र (नमुना १३-अ), मतपत्रिका ठेवण्याचा आतला लहान लिफाफा (१३-ब), निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा पत्ता असलेला बाहेरचा मोठा लिफाफा (१३-क) आणि सूचनापत्र (१३-ड). मतपत्रिका लोकसभेसाठी पांढरी व विधानसभेसाठी गुलाबी असते. ती धाडताना मतदाराचा यादीतील क्रमांक स्थळप्रतीवर लिहितात. यादीच्या चिन्हांकित प्रतीत त्याच्या नावापुढे टपाली मतपत्रिका दिल्याची खूण करतात, मात्र मतपत्रिकेचा अनुक्रमांक तेथे लिहीत नाहीत. खूण झाल्यावर त्या मतदाराला केंद्रावर मत देता येत नाही.

मत नोंदवलेली मतपत्रिका लहान लिफाफ्यात बंद करायची, त्यावर मतपत्रिकेचा अनुक्रमांक घालायचा, घोषणापत्र त्या लिफाफ्याबाहेर ठेवायचे आणि दोन्ही मोठ्या लिफाफ्यात घालून पाठवायचे, असा क्रम आहे. घोषणापत्र चुकून लहान लिफाफ्यात गेले, तर छाननीच्या वेळी ते सापडत नाही व मत मोजणीपर्यंत पोहोचत नाही.

साक्षांकनाचे अधिकारी : गटानुसार हे अधिकारी ठरलेले आहेत. सैनिकासाठी त्याच्या तुकडीच्या किंवा जहाजाच्या कमान अधिकाऱ्याने नेमलेला अधिकारी. परदेशी नेमणुकीवरील कर्मचाऱ्यासाठी भारताच्या राजनैतिक किंवा वाणिज्य प्रतिनिधीने नेमलेला अधिकारी. निवडणुकीच्या कामावरील कर्मचाऱ्यासाठी कोणताही राजपत्रित अधिकारी किंवा तो ज्या केंद्रावर कामाला आहे तेथील केंद्राध्यक्ष. स्थानबद्धासाठी तुरुंग अधीक्षक किंवा छावणीप्रमुख. निरक्षर किंवा विकलांग मतदाराने मतपत्रिका अशाच अधिकाऱ्याकडे न्यायची असते. तो मतदाराच्या इच्छेनुसार खूण करतो व तसे प्रमाणपत्र जोडतो. अशा मतदाराच्या बाबतीत ओळख पटवणारा आणि मत पाहणारा एकच असतो.

कर्मचाऱ्यांच्या मतदानात २०२३ च्या नियमदुरुस्तीने मोठा फरक पडला. पूर्वी ते मतपत्रिका घरी नेऊन मोजणीच्या दिवसापर्यंत केव्हाही पाठवू शकत. आता त्यांनी सुविधा केंद्रावरच मत द्यायचे असून साक्षांकनासाठी नेमलेला अधिकारी तेथे हजर असतो. आपल्याच मतदारसंघात कामावर असलेल्या कर्मचाऱ्याला निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र घेऊन कामाच्या केंद्रावर यंत्राद्वारे मत देता येते. त्याला ही प्रक्रिया लागू होत नाही.

मोजणीपूर्व छाननी (नियम ५४-अ) : मोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेनंतर आलेला मोठा लिफाफा उघडला जात नाही. वेळेत आलेले मोठे लिफाफे एकेक उघडून प्रथम घोषणापत्र तपासतात. पुढील चार कारणांनी लहान लिफाफा न उघडताच मत नाकारले जाते : घोषणापत्र नसणे, त्यावर रीतसर सही व साक्षांकन नसणे, ते अन्य प्रकारे मूलतः सदोष असणे, आणि घोषणापत्रावरील मतपत्रिकेचा अनुक्रमांक लहान लिफाफ्यावरील क्रमांकाशी न जुळणे. यांपैकी तिसऱ्या कारणाची व्याप्ती नियमात स्पष्ट केलेली नाही.

वैध ठरलेली सर्व घोषणापत्रे वेगळ्या पाकिटात घालून मोहोरबंद केल्याशिवाय एकही लहान लिफाफा उघडता येत नाही. मतदाराचे नाव आणि त्याचे मत यांची या टप्प्यावर कायमची फारकत होते. नाव तपासताना मत झाकलेले आणि मत मोजताना नाव बंद, अशी ही रचना आहे. त्यामुळे लहान लिफाफा उघडल्यानंतर ओळखीबाबतचा आक्षेप निरर्थक ठरतो. उमेदवारांच्या प्रतिनिधींना जे म्हणायचे ते घोषणापत्र टेबलावर असतानाच म्हणावे लागते. पुढच्या टप्प्यात मतपत्रिका नाकारण्याची कारणे वेगळी आहेत : एकही मत नसणे, एकाहून अधिक उमेदवारांना मत, बनावट किंवा ओळखू न येण्याइतकी फाटलेली मतपत्रिका, मतदाराची ओळख उघड करणारी खूण. पहिल्या टप्प्यात ओळख सिद्ध न होणे हा दोष, तर दुसऱ्यात ओळख उघड होणे हा दोष मानला जातो.

विजयाचे मताधिक्य अवैध ठरवलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असल्यास, निकाल जाहीर करण्यापूर्वी ती सर्व मते पुन्हा तपासावीत व त्याचे चित्रीकरण करावे, असा निवडणूक आयोगाचा निर्देश आहे.

वाद : सर्वांत जास्त चर्चा झालेले प्रकरण गुजरातमधील ढोलका मतदारसंघाचे आहे. २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपचे भूपेंद्रसिंह चुडासमा तेथे ३२७ मतांनी विजयी झाले. आलेल्या १,३५६ टपाली मतांपैकी ४२९ मते छाननीत नाकारली गेली होती. काँग्रेसचे पराभूत उमेदवार अश्विन राठोड यांच्या याचिकेवर गुजरात उच्च न्यायालयाने १२ मे २०२० रोजी निवडणूक रद्द ठरवली. ही मते बेकायदा नाकारली गेली आणि पुनर्तपासणीचा निर्देश पाळला गेला नाही, हे त्यातील महत्त्वाचे निष्कर्ष होते. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत या निकालाला स्थगिती दिली.

मुंबई वायव्य मतदारसंघात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत यंत्रांवरील मोजणीत अमोल कीर्तिकर (४,५१,०९५) हे रवींद्र वायकर (४,५१,०९४) यांच्यापेक्षा एका मताने पुढे होते. टपाली मते अनुक्रमे १,५०१ व १,५५० निघाली आणि वायकर ४८ मतांनी निवडून आले. येथे १११ टपाली मते अवैध ठरली होती व निर्देशानुसार ती पुन्हा तपासण्यात आली. कीर्तिकर यांच्या याचिकेत मात्र मुख्य भर केंद्रांवरील ‘प्रदत्त’ मतांवर होता, म्हणजे आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचे आढळल्यावर खऱ्या मतदाराने दिलेल्या मतांवर. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती फेटाळली.

त्याच वर्षी आंध्र प्रदेशात साक्षांकनाच्या तपशिलावरून वाद झाला. सुविधा केंद्रावरील नियुक्त अधिकाऱ्याची सही असेल, तर त्याचे नाव, पदनाम किंवा शिक्का नाही एवढ्यावरून मत नाकारू नये, अशी भूमिका निवडणूक यंत्रणेने घेतली. वायएसआर काँग्रेसने तिला आव्हान दिले. उच्च न्यायालयाने व नंतर ३ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला.

या प्रकरणांत टपाली मतांबाबतचा प्रश्न तोतयेगिरीचा नव्हता, कागदपत्रांच्या पूर्ततेचा होता. तोतयेगिरी हा स्वतंत्र गुन्हा आहे (भारतीय दंड संहिता कलम १७१-ड, आता भारतीय न्याय संहिता कलम १७२) आणि दुसऱ्याच्या नावाने मतपत्रिका मागणे एवढ्यानेही तो घडतो.

इलेक्ट्रॉनिक प्रेषण : ऑक्टोबर २०१६ च्या नियमदुरुस्तीने सेनादलांतील मतदारांना मतपत्रिका संगणकाद्वारे पाठवण्याची सोय झाली. प्रणाली सी-डॅक या संस्थेच्या साहाय्याने विकसित झाली. पहिला वापर पुदुच्चेरीतील नेल्लितोप पोटनिवडणुकीत झाला. मतपत्रिका उतरवून घेण्यासाठी ओटीपी व उघडण्यासाठी पिन लागतो. ती छापून, मत नोंदवून परत टपालानेच पाठवायची असते. लिफाफ्यांवर व घोषणापत्रावर क्यूआर संकेत असतात. मोजणीच्या वेळी ते स्कॅन केल्यावर तोच मतदार दुसऱ्यांदा आला असल्यास लगेच कळते. साक्षांकनाची अट मात्र कायम आहे. २०१४ मध्ये अशा मतदारांचे मतदान सुमारे ४ टक्के होते, २०१९ मध्ये १८,०२,६४६ पैकी १०,८४,२६६ मते परत आली (६०.१४ टक्के).

गृहमतदान : ऑक्टोबर २०१९ च्या दुरुस्तीने ८० वर्षांवरील व ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांसाठी सुरू, त्याच वर्षी झारखंडमधील सात मतदारसंघांत प्रथम वापर. मार्च २०२४ पासून वयोमर्यादा ८५. मतदाराने नमुना १२-ड भरल्यावर मतदान अधिकाऱ्यांचे पथक पोलीस व छायाचित्रकारासह घरी येते आणि ओळखपत्र पाहून तेथेच साक्षांकन करते. उमेदवारांना वेळापत्रक आधी कळवले जाते व त्यांचे प्रतिनिधी हजर राहू शकतात. नाव टपाली असले, तरी येथे टपालखात्याचा संबंध उरत नाही आणि पडताळणी पुन्हा केंद्रावरच्यासारखी समोरासमोर होते. अत्यावश्यक सेवेतील मतदार मतदानाच्या दिवसापूर्वी तीन दिवस चालणाऱ्या टपाली मतदान केंद्रात मत देतात.

प्रॉक्सी : २००३ पासून सेनादलांतील मतदारांना प्रतिनिधी नेमून केंद्रावर मत देण्याचा पर्याय आहे.

अन्य देश : ब्रिटनमध्ये २००४ च्या बर्मिंगहॅम स्थानिक निवडणुकांतील टपाली गैरप्रकार सिद्ध झाल्यावर २००६ च्या कायद्याने अर्जावरील सही व जन्मतारीख मतासोबतच्या निवेदनाशी ताडण्याची पद्धत आली. जर्मनीत मतदाराचे स्वतःचे शपथपूर्वक निवेदन पुरते. अमेरिकेत राज्यागणिक फरक आहे : ऑरेगॉनमध्ये सही नोंदणीतील सहीशी ताडतात, विस्कॉन्सिनमध्ये साक्षीदार लागतो, तर जॉर्जियाने २०२१ मध्ये सही ताडण्याऐवजी ओळखपत्राचा क्रमांक मागण्यास सुरुवात केली. साक्षीदार लागत असूनही नॉर्थ कॅरोलायनाच्या नवव्या मतदारसंघात २०१८ ची निवडणूक टपाली मतांतील गैरप्रकारांमुळे पुन्हा घ्यावी लागली.

अनिवासी भारतीय : परदेशी स्थायिक झालेल्या भारतीय नागरिकांना २०१० च्या दुरुस्तीने (लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० चे कलम २०-अ) मतदार म्हणून नाव नोंदवता येते, मत मात्र मूळ पारपत्र घेऊन मतदारसंघातील केंद्रावरच द्यावे लागते. त्यांना प्रॉक्सीची मुभा देणारे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत संमत होऊन पुढे व्यपगत झाले. इलेक्ट्रॉनिक प्रेषणाची सोय त्यांना लागू करावी, असा प्रस्ताव आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्ये विधी मंत्रालयाला पाठवला. सैनिकाला कमान अधिकारी व सरकारी कर्मचाऱ्याला वकिलात आहे. दुबई किंवा न्यू जर्सीतील खासगी नोकरदाराच्या सहीचे साक्षांकन कोणी करायचे, याची खास तरतूद १९६१ च्या नियमांत नाही.

स्थानिक स्वराज्य संस्था : या निवडणुका राज्य निवडणूक आयोगांकडे असल्याने त्यांना वरील नियम थेट लागू होत नाहीत.