जीव टांगणीला लागतो तेव्हा

नववीच्या इंग्रजीच्या तासाला 'ऑन टेंटरहुक्स' हा वाक्प्रचार आला. पुढे काय होणार हे ठाऊक नसताना जीव कासावीस होणे, असा त्याचा अर्थ. निकाल, दवाखाना, मुलीच्या स्थळाचा निरोप, कुठेही चालतो. मराठीत जीव टांगणीला लागतो, उर्दूत जान अटकते. आम्ही एवढे सांगून पुढे जाणार, तोच पॉवरलूम कामगाराच्या मुलाने विचारले, "सर, ये टेंटर क्या है?"

टेंटर म्हणजे लाकडी चौकट. इंग्लंडात मागावरून उतरलेले लोकरीचे कापड मुलतानी मातीच्या जातीची माती घालून पाण्यात कुटत. त्याने कापड दाट होई, पण आकसे. मग ते ओलेच चौकटीवर ताणायचे, कडा आकड्यांत अडकवायच्या आणि उघड्यावर वाळू द्यायचे. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात 'टेंटर ग्राउंड' नावाची गल्ली आजही आहे.

विणकराची सगळी मेहनत अशी आभाळाखाली टांगलेली. पाऊस यायचा, चोर यायचे. यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्स गावी साडेतेरा पेन्स किंवा जास्त किमतीच्या चोरीला शिरच्छेदाची शिक्षा होती. 1650 साली तिथे शेवटच्या दोघांची मुंडकी उडाली. त्यांच्यावरच्या आरोपांत कापडचोरीही होती. विणकरही सगळे धुतल्या तांदळाचे नव्हते. काही जण कापड जास्त ताणून वार वाढवत. ते रोखायला 1597 साली कायदा करावा लागला.

पुढे कापडाच्या जागी माणसाचे मन आले. टोबायस स्मॉलेटच्या 1748 च्या 'रॉडरिक रँडम' कादंबरीत हे आकडे थेट अनिश्चिततेलाच जोडलेले आहेत. चौकटी गेल्या, शब्द राहिला.

टेंटरच्या मुळाशी ताणणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. आपल्या 'ताणणे'मागचा संस्कृत 'तन्' त्याचाच भाऊबंद. 1857 नंतर उत्तरेतून मालेगाव-भिवंडीकडे आलेल्या मोमीन विणकरांनी गल्लीगल्लीत ताना लावला, तो शब्दही याच गोतावळ्यातला. हे सांगितल्यावर वर्गातली निम्मी मुले हसली. ताना त्यांच्या घरचा. इंग्रजी मात्र त्यांना नेहमी परक्याच्या दारातली वाटत आलेली.

त्याच मुलाने वहीत वाक्य लिहून आणले. सुताचा भाव वाढला की मालक माग बंद ठेवतो, आणि शनिवारपर्यंत अब्बा टेंटरहुक्सवर असतात. त्याने 'टेंडरहुक्स' लिहिले होते. ही चूक इंग्रजही करतात, असे आम्ही त्याला सांगितले.